जिन्यातले बोलणे

परवा गणपतीच्या सुटीत घरी आलेल्या माझ्या मुलाने मोदक खाता खाता मला एक बातमी सांगितली. आपल्या एका मित्राला त्याने 'ब्लॉक' केले होते.

मुलगा वीस वर्षांचा आहे. पुण्याला शिकतो आणि आणखी तीन मुलांबरोबर एक जागा घेऊन राहतो. मी विचारले, "कोण रे?"

"तोच. मागच्या मे महिन्यात आपल्याकडे आला होता बघा. आईच्या हातचा तांबडा रस्सा चार वाट्या प्याला होता."

"म्हणजे तुझ्याच खोलीतला?"

"हो. त्याची कॉट माझ्या शेजारीच आहे."

"मोठं भांडण झालं का?"

"छे! भांडण कशाला होतंय? मला कंटाळा आला होता त्याचा. ब्लॉक करून टाकलं. विषय संपला."

विषय संपला म्हणून त्याने दुसरा मोदक फोडला आणि त्यावर तूप घेतले. मी मात्र हातातला मोदक तसाच धरून बसलो. दोन कॉटींमध्ये दीड हाताचे अंतर. एकाच्या घोरण्याने दुसऱ्याची झोप मोडावी इतकी जवळीक. आणि तरी एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोचू नये अशी चोख व्यवस्था! 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या, त्यातून मास्तराच्या, ओठांवर ते नेहमी तयारच असते. पण मी ते गिळले. कारण आमच्या वेळीही असेच होते. फरक इतकाच, की आमच्याकडे त्यासाठी बटण नव्हते. ते काम आम्ही हाताने करीत होतो.

मी १९९६ साली मुंबईला गेलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दहावीनंतर दोन वर्षे गावातल्या गणपतीच्या शाळेत मूर्ती रंगवण्यात गेली होती. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पदरात होत्या. दिवसा चित्रकलेचा शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम करायचा आणि संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचे, असा बेत होता. राहण्याची चिंता नव्हती. लालबागला आमच्या गावच्या मंडळाची खोली होती.

ज्यांनी अशा खोल्या पाहिल्या नाहीत त्यांना त्यांची कल्पना येणे कठीण आहे. रत्नागिरी आणि आताच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. गिरणीत काम करणारा माणूस बायकामुलांना गावी ठेवून एकटाच मुंबईला यायचा. दरमहा ठरलेली वर्गणी द्यायची, ट्रंक माळ्यावर ठेवायची, वळकटी खुंटीला टांगायची आणि खानावळीत जेवायचे. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून एकाच पथारीच्या जागेवर पाळीपाळीने तीन माणसे झोपत. एक उठून कामाला गेला की त्याच्या उबेवर दुसरा येऊन आडवा होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर हे सारे जग हळूहळू ओसरत गेले. मी गेलो तेव्हा खोलीत गिरणीची माणसे तीन-चारच उरली होती. बाकी आम्ही नव्या दमाचे पंधराएक जण होतो. कोणी कुरियरवाला, कोणी दवाखान्यातला कंपौंडर, कोणी दुकानातला नोकर. खोलीत खऱ्या नावाने कोणी कोणाला हाक मारीत नसे. धंद्याच्या नावाने मारीत. मी अर्थातच 'पेंटर' झालो.

खोलीचे कारभारी होते आबा. उभा जन्म त्यांनी साचेखात्यात काढला होता. साच्यांच्या खडखडाटात राहून त्यांना कमी ऐकू येई आणि त्यामुळे ते स्वतः मोठ्याने बोलत. मी पाट्या रंगवतो असे कळताच त्यांनी पहिल्याच महिन्यात मंडळाच्या नियमांची जुनी, पोपडे गेलेली पाटी माझ्यापुढे टाकली आणि ती नव्याने रंगवून द्यायला सांगितले. नियम सात होते. वर्गणी दहा तारखेच्या आत भरावी. खोलीत दारू पिऊन येऊ नये. पाहुणा तीन रात्रींपेक्षा अधिक ठेवू नये. असे करीत करीत शेवटचा, सातवा नियम होता: 'तक्रार सभेत करावी, जिन्यात करू नये.'

मला हसू आले. मी म्हणालो, "आबा, हो कसलो नियम?"

आबा म्हणाले, "बाकीचे सा पुसलेस तरी चलतीत. ह्यो एक नीट रंगव."

मी तो नियम तांबड्या ऑइलपेंटने, ठसठशीत अक्षरांत रंगवला. अक्षर इतके सुबक उतरले की मी स्वतःवरच खूश झालो. त्यातल्या अर्थाकडे बघायला मला त्यानंतर पंधरा वर्षे लागली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री सभा भरे. सगळे जण भिंतीला टेकून बसत. हिशेबाची वही वाचून झाली की आबा विचारीत, "कोणाक काय बोलूचा हा?" आणि मग बोलणे सुरू होई. कोणी कोणाचा साबण वापरला, कोण रात्री उशिरा येऊन दिवा लावतो, मोरीत कपडे भिजत घालून कोण निघून जातो. तक्रारी अशा क्षुल्लक असत, पण आवाज चढत. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी स्टोव्हवर चहा होई आणि तो पिऊन मंडळी झोपत. मला हा प्रकार अडाणीपणाचा वाटे. सुसंस्कृत माणसाने मनातले मनात ठेवावे अशी माझी समजूत होती. मी पुस्तके वाचणारा होतो ना!

त्या खोलीत माझा एक जिवलग मित्र होता. खाडीपलीकडच्या वाडीतला, आयटीआय करून एका कारखान्यात लागलेला. सगळे त्याला 'फिटर' म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. गॅलरीच्या दाराशी आमच्या पथाऱ्या शेजारी शेजारी होत्या. एका वडापावाचे दोन भाग करून आम्ही खाल्ले आहेत. मी पाटी रंगवायला शिडीवर चढलो की सुटीच्या दिवशी तो खाली शिडी धरून उभा राही आणि 'र'चा पाय वाकडा आला की वरच्या वर ओरडून सांगे.

असा हा मित्र माझा शर्ट न विचारता घालून जाई. माझ्याजवळ पांढरा, बरा असा एकच शर्ट होता. परीक्षेच्या किंवा एखाद्या मोठ्या दुकानदाराला भेटायला जायच्या दिवशी तो खुंटीवर नसे. संध्याकाळी तो कॉलरला घामाचा डाग घेऊन परत येई. फिटर हसत म्हणे, "चलता मा रे?" आणि मीही हसून म्हणे, "चलता." असे एकदा नव्हे, वीस वेळा झाले. पुढे तो माझा कंगवा, माझा साबण, माझे पाच-दहा रुपये असेच हसत हसत घेऊ लागला. मी दर वेळी 'चलता' म्हटले, आणि दर वेळी मनातल्या वहीत एक रेघ ओढली.

ही वही फार विचित्र असते. तिच्यात फक्त येणे लिहिले जाते, देणे कधीच नाही. शिवाय ती दुसऱ्याला दाखवायची सोय नसते. त्यामुळे तिच्यातली चूक कधी दुरुस्त होत नाही. सभेत आबा विचारीत, "पेंटर, तुका काय बोलूचा हा?" आणि मी म्हणे, "काय नाय, आबा." पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कंपौंडरजवळ मी फिटरचे सगळे गाऱ्हाणे ओकत असे. ज्याला सांगायला हवे त्याला सोडून बाकी सगळ्यांना मी ते सांगितले होते.

१९९८ च्या जूनमध्ये मला घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत नोकरी लागली. मी ते आबांना सांगितले, कंपौंडरला सांगितले. फिटरला सांगितले नाही. तो रात्रपाळीला गेला असताना मी माळ्यावरची ट्रंक उतरवली आणि निघालो. जाताना तो पांढरा शर्ट त्याच्या पथारीवर घडी घालून ठेवला. त्या वेळी मला वाटले, मी केवढा उदार! आज मला माहीत आहे की ती एक चपराक होती आणि तिच्यावर उत्तर देण्याची संधीही मी त्याला ठेवली नव्हती. माझ्या मुलाने जे एका बोटाने केले, ते मी एका शर्टाने केले होते.

तीन वर्षांनी काही कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा खोलीवर डोकावलो. आबा थकले होते. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "तू कावीळ होऊन गावाक गेल्लस ना, त्या चार महिन्यांची तुझी वर्गणी फिटरान भरली. तुझी जागा जाता नये म्हणान. खानावळीचा मागचा बिलय त्यानाच दिल्यान. माका म्हणालो, पेंटराक सांगू नको, त्याका लाज वाटात."

मी खाली मान घालून चहा प्यालो. भिंतीवर माझ्याच हातचा सातवा नियम होता. तांबडा रंग अजून टिकून होता.

म्हणजे माझ्या तक्रारी मी बोललो नव्हतो आणि त्याचे उपकार तो बोलला नव्हता. दोघेही आपापल्या परीने भलेपणाने वागत होतो. आणि त्या दोन भलेपणांच्या मध्ये एक चांगली मैत्री गुदमरून मेली. फिटर तोपर्यंत मस्कतला गेला होता. मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. खरे सांगायचे तर, माझ्या दोन पात्रांनी समोरासमोर बसून एकदा बोलायचे ठरवले, तर माझ्या निम्म्या कादंबऱ्या विसाव्या पानावर संपतील. गैरसमज वाढवीत नेला की गोष्ट वाढते. पण गोष्टीत जी दोनशे पाने असतात ती आयुष्यात वर्षे असतात, हे मला फिटरने शिकवले.

शाळेत टिळक-आगरकरांचा धडा निघाला की माझे सहकारी त्यांच्या भांडणावर भर देतात. मला दुसरीच गोष्ट आठवते. दोघेही १८५६ साली जन्मलेले. डेक्कन कॉलेजात त्यांची मैत्री जमली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले, तेव्हा त्यांची वये सव्वीसच्या आसपास होती. पुढे आधी राजकीय की आधी सामाजिक, या प्रश्नावर ते फाटले. आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. मग जे काय वाटले ते दोघांनी उघड्यावर, छापून, स्वतःच्या नावाची जबाबदारी घेऊन म्हटले. कडवटपणा आला, मैत्री मोडली. ती मोडायला नको होती असे कोणालाही वाटेल. पण १८९५ साली आगरकर वारले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. ज्याच्याशी आपण समोरासमोर भांडलो त्याच्यासाठी मान खाली घालून दोन शब्द लिहिता येतात. ज्याच्यापासून रात्री ट्रंक घेऊन निघून गेलो त्याच्यासाठी काय लिहिणार?

२००३ साली माझे लग्न झाले. मी संसारातही तोच सुसंस्कृतपणा घेऊन शिरलो. राग आला की बोलत नसे. टेबलाशी बसून पेन्सिली तासत असे. बायकोने हे पहिल्या सहा महिन्यांत ओळखले. एके रात्री मी सातवी की आठवी पेन्सिल हातात घेतली, तेव्हा ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, शाळेत इतक्या पेन्सिली लागत नाहीत. काय झालंय ते सांगा, नाही तर उद्या मला ब्लेड आणायला पुन्हा दुकानात जावं लागेल."

मी म्हणालो, "काही नाही."

"काही नाही तर मग हा एवढा भुस्सा कसला?"

मला हसू आले आणि हसता हसता मी बोललो. कारण अगदीच क्षुल्लक होते. तिने माझ्या एका जुन्या चित्रावर कडधान्य वाळत घातले होते. तिला ते चित्र आहे हेच कळले नव्हते, हा माझ्या कलेवरचा अभिप्राय आपण सोडून देऊ. पण त्या रात्री तिनेही आपले सांगितले. मी तिच्या भावाच्या पत्राला उत्तर दिले नाही, ही गोष्ट ती चार महिने उरात घेऊन होती. मला ते पत्र आठवतही नव्हते. तेव्हा मी तिला लालबागच्या खोलीची आणि सातव्या नियमाची हकीकत सांगितली. तेव्हापासून आमच्या घरीही सभा भरते. तिला पहिला रविवार वगैरे लागत नाही. कोणी पेन्सिल हातात घेतली की सभा भरली असे समजायचे.

यावरून सगळे काही बोलून सुटते असे मात्र कोणी समजू नये. गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शिकून नोकरीला लागलेली, लग्न ठरलेले. मुलगा चांगला कमावता होता; पण तिच्या फोनचा पासवर्ड मागत होता, ती कोणाशी बोलते, कुठे जाते याचा तासातासाचा हिशेब घेत होता. "प्रेम आहे तर लपवायचं काय, असं तो म्हणतो, सर."

मी तिला विचारले, "तू नाही म्हणालीस तर तो काय करील?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मला भीती वाटते."

मी तिला सभेत बोल असे सांगितले नाही. ज्या खोलीत 'नाही' म्हणायची भीती वाटते, तिथे सभा भरतच नाही. तिथून ट्रंक उतरवून निघावे, आणि जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाला सांगत निघावे. आईवडिलांना बरोबर घेऊन तिने ते लग्न मोडले. मला वाटते, नाते धड आहे की नाही हे पाहायची एवढी एकच खूण आहे: त्यात 'नको' म्हणता येते का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस तिथेच असतो का? फिटर असता. मी त्याला कधी विचारून पाहिले नाही, एवढेच.

२०११ साली गणपतीला गावी गेलो असताना तो भेटला. तेरा वर्षे झाली होती. केस पिकले होते, पोट सुटले होते, हातात जाड घड्याळ होते. देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो. मी इतकी वर्षे पाठ केलेले सगळे बोललो. शर्टाचे, वर्गणीचे, रात्री निघून गेल्याचे. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अरे, माझ्याकडे बरो शर्ट खंय होतो? मागूक लाज वाटायची, म्हणान हसत हसत घेय. तू कधी नको म्हटलंसच नाय. माका वाटला, तुका बरा वाटता." थोड्या वेळाने तो म्हणाला, "तो शर्ट मी परत घालूक नाय."

आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतले. दिवाळीला, गणपतीला बोलणे होते. मुलांची चौकशी होते, पावसाची होते. पण एका वडापावाचे दोन भाग करणारी ती मैत्री काही परत आली नाही. रंगाचा डबा झाकण न लावता ठेवला तर त्यावर साय धरते. साय काढून खालचा रंग वापरता येतो, पण हाताला पहिली तकाकी लागत नाही. तरीही त्या पायरीवरून उठताना माझ्या मनातली ती वही कोरी झाली होती, हे खरे. तिच्यात त्याचे देणे मात्र मी आजही लिहून ठेवले आहे.

हे सगळे मी त्या दिवशी मुलाला सांगितले. पुष्कळ सांगितले; मास्तराला थोडक्यात सांगता येत नाही. त्याने ऐकून घेतले. कॉटशेजारच्या त्या मुलाचे नेमके काय चुकले होते, हेही त्याने हळूहळू सांगितले. तो याच्याकडून टिपणे घेई, याच्याकडून पैसे घेई, आणि चारचौघांत याच्या बोलण्यातल्या कोल्हापुरी हेलाची नक्कल करून सगळ्यांना हसवी.

"आणि तू काय म्हणायचास?"

"मीपण हसायचो."

मी काही बोललो नाही. बायकोने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मोदकाच्या पातेल्याकडे वळली.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्याला पुण्याच्या एस.टी.त बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. त्याने बॅग वरच्या फळीवर टाकली, खिडकीशी बसला. गाडी सुटायला वेळ होता. फोनशी चाळा करीत करीत, माझ्याकडे न बघता, त्याने विचारले, "बाबा, तुमच्या त्या खोलीत सभेत भांडणं झाली, तर मग रात्री लोक झोपायचे कुठे?"

"तिथेच. शेजारी शेजारी. दुसरी जागा होती कुठे?"

तो हसला. कंडक्टरने घंटी मारली. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. पुण्याला पोचल्यावर त्याने काय केले हे मला अजून कळलेले नाही, आणि मी ते विचारलेलेही नाही. ती सभा त्याची आहे.

घरी आल्यावर मी फिटरला फोन लावला. दिवाळीला अजून अवकाश होता. पलीकडून घाबऱ्या आवाजात त्याने विचारले, "काय रे पेंटर? सगळा बरा मा?"

"बरा आसा," मी म्हणालो. "सहज केलंय."